किती निघालं

रविवार पेठेत सकाळी साडेसहाला,
दुकानांची शटरं उघडायच्या आधी,
अप्पा पायऱ्यांखालची धूळ गोळा करायचे.
मऊ कुंचा, पत्र्याची सुपली, गोणपाट.
कारागिरांच्या कानशीतून उडालेलं,
बनियनला चिकटून मोरीत वाहून गेलेलं सोनं
त्या धुळीत असायचं. किंवा नसायचं.
घरी आणून घमेल्यात पाणी घालायचे,
हलवायचे असं, की माती निघून जावी
आणि जड ते तळाशी थांबावं.
मग पारा. मग निखाऱ्यावर वाटी.
आई आम्हांला गच्चीवर पिटाळायची, स्वतः खालीच थांबायची.
खाली उतरल्यावर माझा प्रश्न रोज तोच:
किती निघालं?
अप्पा नखावर घेऊन दाखवायचे.
नख भरलं, तर त्या रात्री अंडी.

आता मी पाषाणला सोन्यावरच काम करते.
काचेची भांडी आधी आम्लराजाने धुवायची.
अप्पा त्याला तेजाब म्हणतात;
वास तोच, नाकाच्या मागे जाऊन बसणारा.
सोन्याचं क्षार उकळतं, पाणचट लिंबू सरबतासारखं.
त्यात सायट्रेट ओतलं की आधी रंगच जातो,
मग करडं, मग काळपट,
आणि चार वर्षं झाली तरी मी दर वेळी घाबरते
की फसलं,
मग लाल.
डाळिंबाचा लाल.
इतकं लहान झालं की सोनं
पिवळं असायचं विसरतं.
केसाच्या रुंदीत पाच हजार कण.
अप्पांना सांगितलं, तर म्हणाले,
"मग ते घमेल्यात राहणार कसं?"

बरोबर विचारलं. राहत नाही.
म्हणून कणाच्या अंगावर प्रतिपिंडं बसवायची,
एकच प्रथिन ओळखणारी,
रक्तातल्या बाकी गर्दीकडे ढुंकूनही न बघणारी.
मूत्रपिंड थकायला लागलं की ते प्रथिन साचतं,
पाय सुजायच्या कितीतरी आधी.
कागदाची पट्टी. बोटातला एक थेंब. दहा मिनिटं.
एक रेघ उमटली तर पट्टी चालते आहे.
दोन उमटल्या
तर माणसाचं बघावं लागेल.

साठ नमुने हवे होते,
पारा, शिसं, तेजाब हाताळलेल्या माणसांचे.
घैसास मॅडमनी विचारलं, ओळखीचं कुणी?
मी आमची अख्खी गल्ली दिली.
संमतीपत्राचं मराठी मीच केलं होतं.
अप्पांनी चष्मा पुसून पूर्ण वाचलं,
"सहभागी व्यक्तीस" इथे हसले, आणि सही केली.
बाटल्यांना फक्त आकडे.
नावांची यादी तबस्सुमच्या कपाटात, कुलपात.
बघणाऱ्याने ओळखू नये, असा नियम आहे.

गुरुवारी पेठेत पाणी बंद, आमच्या इमारतीतही नाही.
कॅनमधल्या पाण्याने हात धुऊन मी पट्ट्या मांडल्या.
साठांतल्या अकरांवर दुसरी रेघ आली.
सात फिकट. चार डाळिंबी.
सतरा नंबरची तर खिडकीशी न नेताही दिसेल अशी.
मी ती उलटी ठेवली.
मग सुलटी केली, फोटो काढला, वहीत लिहिलं.
थेंबाला कुणाचा आवाज नसतो,
खोकण्याची लकब नसते.
नावं सोमवारी उघडणार.

आज शनिवार. पारा सोडून पंधरा वर्षं झाली,
तरी अप्पा अजून कधीमधी एखादी पुडी धूळ आणतात.
गुडघे पोटाशी घेऊन मोरीपाशी बसलेत,
घमेलं हलतं आहे, बाहेर गढूळ, आत काळी रेती.
मी चपला काढते.
वर न बघताच विचारतात,
"काय गं, तुमच्यात किती निघालं?"
"अकरा."
"कशातनं?"
"साठांतनं."
हात थांबला त्यांचा.
"साठांत अकरा? भरपूर निघालं की,"
म्हणाले, आणि खूश होऊन
वरचं पाणी हळूच ओतून दिलं.